बिरोबाचं बन मी जाळलंय, ग्रामसभेला खुलं पत्र

समस्त गावकरी मंडळी, सरपंच ताई, पाणी वापर संस्थेचे सगळे सभासद आणि पाटकरी तात्या, सर्वांना रामराम.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत बिरोबाच्या बनाचा, म्हणजे पाटाकडेच्या आपल्या देवाच्या राईचा, विषय निघणार आहे म्हणून हे लिहितोय. सभेत उभा राहिलो की माझं अर्धं बोलणं घशातच राहतं, तेव्हा आधी लिहून टाकतो, सगळ्यांनी वाचा आणि मग सभेत मला जे विचारायचं ते खुशाल विचारा.

विषय काय तर पाटाचं काम येणार म्हणतात, पोकलेन आणि मुरमाचे डंपर उतरवायला जागा लागणार, आणि गेले पंधरा दिवस चावडीवर एकच वाक्य ऐकतोय, की बन नाहीतरी जळालेलंच आहे, मोकळं करून टाकू, काम झालं की तिथंच सभामंडप बांधू. हे "नाहीतरी जळालेलंच आहे" ऐकलं की मला घास गिळत नाही. कारण ते मी जाळलंय.

गेल्या फेब्रुवारीत माझा छ्याऐंशी बत्तीस जातीचा ऊस तुटून गेला, खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांचं पुढचं पीक, ठेवायचा होता आणि वावरात पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, गुडघ्याएवढं. सगळे करतात तसं मीही काडी लावायचं ठरवलं. सकाळी दवानं नीट पेटत नाही म्हणून दुपार धरली, बनाच्या बाजूनं पाचट ओढून पट्टा मोकळा करायला हवा होता तो केला नाही, सोबत कोणी घेतलं नाही, वारं पडलंय ना मग होतंय असं म्हणत एका कोपऱ्याला काडी लावली आणि दहा मिनिटांत वावटळ उठली. जळतं पाचट वर उचललं गेलं, बांधावरच्या वाळल्या गवतात पडलं, तिथनं घाणेरीत शिरलं. घाणेरीचं जाळं फेब्रुवारीत कसं पेटतं ते तुम्ही बघितलंय, रॉकेल ओतल्यागत.

आणि पाट शेजारीच, पंधरा फुटांवर, पण पाटात पाणी नाही. आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सुटायची पाळी, बंद होऊन आठ दिवस झाले होते. मोरीच्या खाली तेवढं एक हिरवट डबकं शिल्लक होतं, त्यात मी फवारणीचा सोळा लिटरचा पंप बुडवायचो, पाठीवर घ्यायचो, पळत वर यायचो आणि नोझलनं पाणी मारायचो. नोझलचं पाणी ते केवढं, झाडापर्यंत पोचायच्या आधी वाफ. पहिल्या दोन खेपा तर मी पंपाचं झाकण नीट लावलंच नव्हतं, सगळं पाणी पाठीवर सांडलं, एवढा हात थरथरत होता.

आग विझवली ती मी नाही. बनाच्या कडेला ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची, त्यांच्या कोप्यांतनं, झोपड्यांतनं, बायका पळत आल्या, कोणाच्या हातात घागर, कोणाच्या हातात ओली गोणी. एक म्हातारी होती, तिनं लुगड्याचा काष्टा वर खोवला आणि ओली गोणी घेऊन नुसती बडवत सुटली आगीला. पोरांनी कोयत्यानं घाणेरी तोडून मधे पट्टा पाडला, बिरोबाच्या जोत्याच्या अलीकडं. तो पट्टा पाडला नसता तर जोत्यामागचे दोन्ही वड गेले असते. अंधार पडेपर्यंत ती माणसं तिथं होती, दिवसभर ऊस तोडून आलेली.

आणि संध्याकाळी गाव जमलं तेव्हा कोणीतरी म्हणालं की ह्यांच्या चुलीनंच लागलं असणार. त्यावर दहा जणांनी माना हलवल्या. मी तिथंच उभा होतो. माझे हात काळे, अंगाला धुराचा वास, सगळ्यांना वाटलं हा बिचारा विझवायला पळाला, दोघांनी पाठ थोपटली माझी. मी काही बोललो नाही. त्याच रात्री मुकादमानं कोप्या उचलायला लावल्या, भांडण नको म्हणून, आणि बैलगाड्या जुंपून ती माणसं अंधारात फाट्याच्या पलीकडं गेली, तान्ही पोरं घेऊन. मी घरी येऊन आंघोळ केली आणि झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो.

एक वर्ष होत आलं. आता बन तोडायला माझ्याच आगीचं कारण पुढं केलं जातंय म्हटल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

जळालंय किती ते पण नीट सांगतो, कारण चावडीवर बसून वाटतं तेवढं नाहीये. पाटाकडची बाजू, म्हणजे घाणेरी, बोरी, करंजाची रोपं आणि बाभळींची एक रांग, एवढं गेलं. त्यातल्या निम्म्या बाभळींना पावसाळ्यात बुडातनं फुटवा आलाय. करंज तर जळालेला वाटतच नाही आता. चिंचा दोन्ही धडधाकट. वड, उंबर, लिंब, सगळं आहे. खरा मार बसला तो जुन्या जांभळाला. त्याच्या बुंध्याला ढोली होती, आग आत शिरली आणि चुलाण्यासारखं आतल्या आत दोन दिवस धुमसत राहिलं, वरनं धूर निघायचा. तिसऱ्या दिवशी मी जाऊन हात लावला तर खोड बाहेरनं गार आणि ढोलीत हात घातला तर आत निखारा. त्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायची, लहानपणापासून बघतोय, ह्या नाहीतर त्या पिढीची. आग लागल्यावर चार दिवस ती दोघं भर दुपारी ढोलीच्या तोंडाशी असलेल्या फांदीवर बसून होती, डोळे बारीक करून, आणि मग दिसली नाहीत. जांभळाची पाटाकडची बाजू वाळली. पण खालच्या बाजूनं, जिथं ओल लागते तिथनं, श्रावणात हातभर लांब तांबूस पालवी आली, आणि मी तिथं कुंपणाला काट्या लावल्यात शेरडं खाऊ नयेत म्हणून.

आता ही ओल कुठनं येते ते बोलायला पाहिजे, कारण सगळा मुद्दा तिथंच आहे.

आपला नीरा डावा कालवा हा १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून खोदायला घेतलेला. १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. भाटघरला वेळवंडी नदीचं पाणी अडवायचं, ते नदीतनं वीरला यायचं आणि तिथनं पाटात. पुरंदर, बारामती आणि मग आपला इंदापूर तालुका, दीडशे किलोमीटरच्या आसपासचा पाट आणि आपण शेपटाला. वरच्यांचं भागलं की मग आपलं, हे आजोबांच्या काळापासून चालत आलंय. पण हा पाट मातीचा, आणि मातीचा पाट पाझरतो. ज्याला कागदावर गळती म्हणतात, वहनव्यय म्हणतात, त्याच पाझरावर आपल्या विहिरी एप्रिलपर्यंत टिकतात आणि त्याच पाझरावर बन उभं आहे. नाहीतर ह्या मुलखात साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पावसावर वड, जांभूळ, उंबर एका ठिकाणी दाटीनं वाढेल का, बनाच्या वरच्या अंगाला, पाटाच्या पलीकडं, माळावर जाऊन बघा काय उगवतंय. हिवर आणि कुसळी गवत.

मी पाझराची नुसती स्तुती करत नाहीये. जास्तीच्या पाण्यानं काय केलं ते आपल्याच खोऱ्यानं सगळ्यात आधी बघितलं. पाट सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली नाहीत तोवर नीरा खोऱ्यातल्या जमिनी खारवायला लागल्या होत्या आणि १९१० साली हॅरल्ड मान आणि ताम्हणे ह्या शेतकी खात्यातल्या दोघांनी त्याचा अभ्यास करून लिहून ठेवलंय. ते चोपण, म्हणजे खारवलेली जमीन, आपल्याकडे अजून आहे, फाट्याच्या खालच्या पट्ट्यात पांढरी फुली येते, ऊस पिवळा पडतो. म्हणून पाट पक्का करा म्हणणाऱ्यांचंही मला पटतं, शेपटाला पाणी पोचायचं असेल तर कुठंतरी गळती कमी करावीच लागेल. पण एक गोष्ट चालत जाऊन बघा. बनाच्या बरोब्बर खालची जी चार वावरं आहेत, त्यात माझं एक, त्यांना चोपण नाही. बनाची हद्द संपली, पाटाकडेला झाड नाही, तिथनं खाली दोनशे पावलांवर फुली सुरू. झाडं पाझर पितात. मोठा वड, बाभूळ, करंज बारा महिने खालनं पाणी ओढत असतात, आणि जो चर खणायला, पाइप टाकायला आपण अनुदानाच्या मागं पळतो ते काम हे बन फुकट करतंय. तोडलं तर ते पाणी माझ्या आणि शेजारच्या तीन खातेदारांच्या वावरात उतरेल, म्हणजे माझा स्वार्थ पण आहे ह्यात, तो लपवत नाही.

पाटकरी तात्यांचं एक म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे, की भरावावर झाड नको. झाड मेलं की मुळं कुजतात, मुळांच्या जागी नळी राहते, तीतनं पाणी वाट काढतं, घुशी आणि खेकडे त्यात भर घालतात. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटला तेव्हा शेकडो घरांत पाणी शिरलं, ते आपण टीव्हीवर बघितलं. म्हणून भरावावर आलेली सुबाभूळ आणि वेडी बाभूळ काढा, आजच काढा, मी कुऱ्हाड घेऊन येतो. पण बन भरावावर नाहीये. आपल्या इथं पाट खोदाईत आहे, वरची कडा जमिनीबरोबर आहे, आणि बनाचं पहिलं जुनं झाड हद्दीच्या दगडापासनं आत आहे. मी टेप लावून मोजलंय, जांभूळ दगडापासनं साडेसात मीटर. मशीन पलीकडच्या काठानं, सेवा रस्त्यानं येऊ शकतं. तिकडं दोन ठिकाणी अतिक्रमण आहे म्हणून तो रस्ता अवघड आहे, हे सगळ्यांना माहितीये आणि कोणी बोलत नाही, मी पण नाव घेत नाही, पण दोन गोठे मागं सरकवणं सोपं का दीडशे वर्षांचा वड पाडणं सोपं, एवढा विचार सभेनं करावा.

सुगरणीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या बाभळी जळाल्या त्यातली एक पाटावर वाकलेली आहे, एका अंगानं काळी कोळसा आणि दुसऱ्या अंगाला जिवंत. जुलैत पाटात पाणी आलं आणि त्या बाभळीवर सुगरणी उतरल्या. मी खोडव्याला खत टाकत होतो तर माझ्याच उसात येऊन पानं न्यायला लागल्या. आपण म्हणताना सुगरण म्हणतो पण घरटं विणतो नर, पिवळ्या डोक्याचा. उसाच्या पानाच्या कडेला बसतो, चोचीनं एक खाच पाडतो, ती कडा चोचीत धरतो आणि उडतो, की पानाचा हातभर लांब दोरा सर्रकन सोलून निघतो. माझ्यापासून सहा फुटांवर हे चालू होतं. आधी फांदीला कडं विणतात, मग टोपीसारखं अर्धं घरटं, त्यात आतल्या बाजूनं ओल्या मातीचे गोळे चिकटवतात. मग मादी येते, आत जाऊन बघते, पसंत पडलं तर पुढचं नळकांडं होतं, नाहीतर ते अर्धंच लोंबत राहतं. त्या बाभळीवर मी एकवीस घरटी मोजली, त्यातली आठ अर्धवट. ज्या माणसानं झाड जाळलं त्याच्याच वावरातलं पान आणि त्याच झाडाला घरटं. त्या दिवशी मी खताचं घमेलं खाली ठेवून बांधावर बसलो आणि खूप वेळ मला उठता आलं नाही.

धनेश पण येतो, राखाडी रंगाचा, मोठ्या चोचीचा, उंबराला फळं आली की जोडीनं येतात आणि पाटावरनं खालीवर होत उडतात. रात्री उदमांजर जांभळाखाली येतं, सकाळी त्याच्या विष्ठेत बियाच बिया असतात, आपल्या पाटाकडेला मैलभर जी जांभळाची रोपं उगवलीत ती कोणी लावली नाहीत. हे सगळं गोळा करून सांगतोय कारण जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याच्या ४१ कलमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती करावी लागते, आणि गावातल्या झाडा-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. आपल्याकडे समिती कागदावर आहे. नोंदवहीत बिरोबाच्या बनाची एक ओळ पण नाही, मी जाऊन बघितली. सभेत ठराव करून बन त्या नोंदवहीत घालावं, झाडनिहाय. नोंदी लिहायचं काम मी करतो, शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांना घेऊन, मास्तर हो म्हणालेत. आणि कायद्याचंच बोलायचं तर १९६४ च्या झाडं तोडण्याच्या कायद्यात जांभूळ आणि चिंच दोन्ही यादीतली झाडं आहेत, स्वतःच्या वावरातलं तोडायचं तरी परवानगी लागते, मग गायरानातलं चावडीवर बसून ठरवून कसं तोडता येईल. आलापल्लीचं जंगल गडचिरोलीत, पुण्यातलं गणेशखिंड उद्यान, ह्यांना जैवविविधता वारसा स्थळ केलंय, आपलं बन तेवढं मोठं नाही, अडीच एकर पण भरणार नाही, मला तो दर्जा वगैरे मागायचा नाहीये. नुसतं मशीन लावू नका आणि तिथं फरशी घालू नका. बिरोबा उघड्यावर राहिलाय इतकी वर्षं, धनगरवाड्यावरची म्हातारी माणसं तर म्हणतात देवाला छप्पर चालतच नाही, त्यांना कोणी विचारलंय का सभामंडपाचं?

पाचटाचं. ही मला सगळ्यात गरजेची गोष्ट वाटते आणि इथं मला बोलायचा अधिकार जाळल्यामुळेच आलाय. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते जाळून आपल्या हाती राख येते. यंदा मी जाळणार नाही. एका सरीआड पाचट दाबायचं, बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे आणि पाणी द्यायचं. हे काही मी शोधलेलं नाही, कृषी सहायक दर मीटिंगला सांगतात आणि आपण चहा पिऊन उठतो. मजुरी जास्त जाते, उंदीर होतात, पहिलं पाणी लवकर पुढं सरकत नाही, ह्या अडचणी खऱ्या आहेत, मी गेल्या महिन्यात अर्ध्या एकरावर करून बघितलंय. पण पाणी एक पाळी कमी लागलं, आणि शेपटाच्या माणसाला एक पाळी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सभेनं निदान एवढं ठरवावं की बनाच्या कडेच्या आणि पाटाकडेच्या वावरात पाचट जाळायचं नाही. आणि ज्याला दुसरीकडं जाळायचंच आहे त्यानं पाटात आवर्तन चालू असताना, सकाळच्या पारी, चार माणसं सोबत घेऊन, पट्टा पाडून जाळावं. बनाच्या माझ्या बाजूनं मी दहा फुटांचा पट्टा कायमचा मोकळा सोडतोय, तिथं ऊस लावणार नाही. उरलेल्या तीन बाजूंच्या खातेदारांना मी काही सांगू शकत नाही, विनंती करतो.

दंड काय करायचा तो सभेनं ठरवावा, मी भरीन. माझं म्हणणं एवढंच की ते पैसे बनावरच घालावेत, मोरीजवळ एक पाण्याची टाकी बसवावी, म्हणजे पाट कोरडा असला तरी हाताशी पाणी राहील.

शेवटचं त्या टोळीचं. मुकादमाचा नंबर मिळवला, फोन केला, यंदा ती माणसं इथनं वीस-बावीस किलोमीटरवर उतरलीत. मागच्या रविवारी मी गेलो होतो. म्हातारी कोपीपुढं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, काडी मी लावली होती, तुमच्यावर आळ आला तेव्हा मी तिथंच होतो आणि बोललो नाही. तिनं भाकरी उलटली, तव्यावर पाणी फिरवलं आणि म्हणाली, आम्हाला तवाच म्हाईत व्हतं, आग वावराकडनं आली ती दिसली की. मग मला विचारलं, ते जांभूळ जगलं का?

मी म्हटलं अर्धं जगलंय. तिनं मला भाकरी आणि ठेचा दिला, मी खाल्ला.

त्यांना पुढच्या हंगामात परत बनाच्या कडेलाच उतरायला जागा द्यावी, आणि ह्यावेळी नळाचं एक कनेक्शन आणि एक लाइटचा पॉइंट ग्रामपंचायतीनं तिथं द्यावा, ही माझी सभेकडं मागणी आहे. गावानं त्यांची माफी मागायची का नाही ते गावानं ठरवावं, माझी मी मागून आलोय. मुकादमाचा नंबर माझ्याकडं आहे, सरपंच ताईंनी म्हटलं तर आजच देतो.

आपलाच,
बनाखालच्या पहिल्या वावराचा खातेदार